आयएफएस काढून सॉलिड फ्रंट ॲक्सल बसवायचाय? वेल्डिंग मशीन सुरू करण्याआधी हे वाचा

फोर-बाय-फोर गाडीचं पुढचं स्वतंत्र सस्पेन्शन, म्हणजे आयएफएस, काढून तिथे सॉलिड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकसंध ॲक्सल, बसवणं हे बाहेरून बघणाऱ्याला कापाकापी आणि वेल्डिंगचं काम वाटतं. प्रत्यक्षात ते मोजमापाचं काम आहे आणि वेल्डिंग त्यात सगळ्यात शेवटी येतं. मी हे काम केलंय, इतरांच्या गाड्यांवरही मदत केलीय. अर्धवट अडकून पडलेल्या प्रोजेक्टमध्ये बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते: ब्रॅकेट आधी पक्के वेल्ड झालेत आणि स्टीअरिंग, प्रॉपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा फिरता दांडा), ऑइल संप (इंजिनाखालची ऑइलची टाकी) यांचा विचार नंतर सुरू झालाय. खालचा क्रम पाळलात तर ती वेळ तुमच्यावर येणार नाही.

१. आधी स्वतःला विचारा: हे खरंच हवंय का?

सॉलिड ॲक्सलचे फायदे खरे आहेत. एक चाक दगडावर चढलं की दुसरं खाली ढकललं जातं, त्यामुळे दोन्ही चाकं जमीन धरून ठेवतात. सीव्ही जॉइंट (आयएफएसमध्ये चाकापर्यंत ताकद नेणारे सांधे) आणि त्यांचे रबरी बूट जातात. मोठे टायर आणि लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं यंत्र) पेलणारी ताकद मिळते. वाकलं-तुटलं तर रानात दुरुस्त करणंही सोपं पडतं.

तोटेही तितकेच खरे आहेत. स्प्रिंगच्या खालचं वजन वाढतं, एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्याला जाणवतो, गाडी उंच होते आणि वेगात वळताना आयएफएससारखी स्थिर राहत नाही. गाडी रोज डांबरी रस्त्यावर चालणार असेल आणि डोंगरवाट वर्षातून एकदा-दोनदा असेल, तर आयएफएस चांगल्या अवस्थेत ठेवून मागे एक लॉकर बसवा. माझा सल्ला तोच राहील. दगडधोंड्यांत नेहमी जाणार असाल, तर पुढे वाचा.

२. कागद हातात आल्याशिवाय ग्राइंडर हातात घेऊ नका

ॲक्सल आणि स्टीअरिंग बदलणं हा गाडीच्या मूळ रचनेतला बदल आहे. काही देशांत तो तज्ज्ञ अभियंत्याच्या प्रमाणपत्रावर मान्य होतो, काही ठिकाणी अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवताच येत नाही. तुमच्या नोंदणी कार्यालयाचा नियम आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. जमवायचे कागद असे:

- बदलाची लेखी पूर्वपरवानगी किंवा अभियंत्याचा अहवाल, जिथे जे लागू असेल ते
- ज्या गाडीतून ॲक्सल आला तिची मालकी दाखवणारी पावती
- स्टीअरिंग बॉक्स, ब्रेकचे भाग, लिंक यांची बिलं
- विमा कंपनीला दिलेली सूचना आणि तिचं उत्तर
- प्रत्येक टप्प्याचे फोटो, विशेषतः वेल्डचे, रंग मारण्याआधीचे

शेवटचा मुद्दा लोक विसरतात. रंगाखाली झाकलेला वेल्ड तपासणाऱ्याला दिसत नाही, आणि मग खरवडून दाखवावा लागतो.

३. ॲक्सल निवडणं

इथे घाई केलीत तर पुढचं सगळं चुकत जातं. म्हणून यावर जरा जास्त बोलतो.

*डिफ्रन्शियलचा गोळा कोणत्या बाजूला?* गोळा म्हणजे ॲक्सलवरची फुगीर पेटी, जिच्यात दोन्ही चाकांना ताकद वाटणारे गिअर असतात. तुमच्या ट्रान्स्फर केसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी गिअरची पेटी) पुढचा आउटपुट डावीकडे आहे की उजवीकडे, ते गाडीखाली झोपून स्वतः बघा. ॲक्सलचा गोळा त्याच बाजूला हवा. अमेरिकन लेखांत ‘ड्रायव्हर साइड’ लिहिलेलं असतं, ते डावीकडे स्टीअरिंग असलेल्या गाडीसाठी. तुमची गाडी उजव्या स्टीअरिंगची असेल तर नेमकं उलटं समजाल. डावी-उजवी हेच शब्द वापरा, ड्रायव्हरच्या सीटवर बसून पुढे बघताना. ७९ ते ८५ सालच्या टोयोटा पिकअपच्या पुढच्या ॲक्सलचा गोळा उजवीकडे असतो, तर फोर्डच्या मोठ्या पिकअपमधल्या डाना ४४ आणि डाना ६० या ॲक्सलचा डावीकडे.

बाजू जुळत नसेल तर कोणीतरी नक्की सुचवेल, ‘हाउसिंग (ॲक्सलचं बाहेरचं कवच) उलटं करून लाव.’ लावू नका. उलटं केलं की चाकं उलट्या दिशेने फिरतात, आणि हाउसिंगमधला ऑइलचा प्रवाहही बिघडतो.

*किती मजबूत हवा?* डाना ४४ चा क्राऊन (गोळ्यातला मोठा गोल गिअर) साधारण ८.५ इंचांचा, डाना ६० चा ९.७५ इंचांचा. आकड्यातला फरक लहान वाटतो, वजनातला नाही. ३३ ते ३५ इंची टायरच्या मध्यम वजनाच्या गाडीला डाना ४४ किंवा टोयोटाचा ८ इंची ॲक्सल समंजसपणे चालवलं तर पुरतो. ३७ इंच आणि त्यावर जायचं असेल तर डाना ६० चा विचार करा. निव्वळ रुबाबासाठी जड ॲक्सल घालू नका. ते वजन प्रत्येक खड्ड्यात स्टीअरिंगवर जाणवतं.

*पिनियन वर की खाली?* पिनियन म्हणजे क्राऊनला फिरवणारा लहान गिअर. हाय-पिनियन ॲक्सल मिळत असेल तर तोच घ्या. प्रॉपेलर शाफ्ट दगडांपासून वर राहतो आणि त्याचा कोन सौम्य होतो. शिवाय त्याचे दाते उलट्या कापाचे असल्यामुळे पुढे जाताना दात्याच्या मजबूत बाजूवर जोर येतो. लो-पिनियन पुढे लावला की तोच जोर दात्याच्या कमकुवत बाजूवर येतो.

*रेशो.* क्राऊन आणि पिनियनच्या दात्यांचं प्रमाण म्हणजे रेशो. पुढचा आणि मागचा रेशो जुळलाच पाहिजे. ४१ दात्यांचा क्राऊन आणि १० दात्यांचा पिनियन म्हणजे ४.१०. तोच क्राऊन ११ दात्यांच्या पिनियनवर म्हणजे ३.७३. हे दोन एकाच गाडीत टाकून कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील लावलंत, तर पुढचं आणि मागचं एकमेकांशी झगडतं आणि सगळा ताण ट्रान्स्फर केसवर येतो. ४.१० आणि ४.११ इतका किरकोळ फरक चालतो.

हाउसिंगवरचा रेशोचा बिल्ला गायब असेल तर रेशो असा मोजा. साध्या डिफ्रन्शियलमध्ये एक चाक घट्ट अडवा, दुसरं नेमके दोन फेरे फिरवा आणि पिनियनच्या फ्लँजवर खडूची खूण करून तिचे फेरे मोजा. तोच तुमचा रेशो. लॉकर असेल तर दोन्ही चाकं एकत्र एक फेरा फिरवायची.

*रुंदी आणि बोल्ट.* चाक जिथे हबला टेकतं त्या दोन पृष्ठभागांमधलं अंतर मोजा आणि मागच्या ॲक्सलशी ताडून बघा. थोडा फरक चालून जातो. फार असेल तर मागचा ॲक्सलही बदलावा लागेल, हे आत्ताच हिशेबात धरा. चाकाच्या बोल्टचा घेरही मागच्यासारखा असावा, नाहीतर दोन प्रकारचे स्टेपनी घेऊन फिरावं लागतं.

*वापरलेला ॲक्सल घेताना:* ऑइल काढून बघा. राखाडी लोण्यासारखी पेस्ट मॅग्नेटवर असणं नेहमीचं आहे, धातूचे तुकडे नाही. ट्यूबला लांब सरळ पट्टी किंवा ताणलेली दोरी लावून वाक तपासा. किंगपिन किंवा बॉल जॉइंट (ज्यांवर चाक वळतं ते सांधे) हलवून बघा. ब्रेक कॅलिपर, हब, स्टीअरिंग आर्म सगळं सोबत घ्या. हे भाग एकेक करून शोधणं ॲक्सल शोधण्याइतकंच त्रासाचं.

४. पाटे की कॉइल?

पहिल्यांदा करत असाल तर पाटे. पाटा गाडीचं वजनही पेलतो आणि ॲक्सलला जागेवरही धरतो. पुढे हँगर, मागे शॅकल (पाट्याला लांब होऊ देणारी झुलती कडी), ॲक्सलवर पॅड आणि यू-बोल्ट, एवढ्यात काम होतं. चुकायला जागा कमी.

कॉइल स्प्रिंग वजन पेलते, पण ॲक्सलला धरत नाही. त्यासाठी लिंक, म्हणजे ॲक्सलला चेसिसशी जोडणारे दांडे, लागतात. पुढच्या बाजूला सगळ्यात जास्त चालणारी रचना थ्री-लिंकची: खाली दोन, वर एक, आणि ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड. वरच्या आणि खालच्या लिंकमधलं ॲक्सलवरचं उभं अंतर टायरच्या उंचीच्या साधारण एक चतुर्थांश ठेवतात. ते कमी पडलं की ब्रेक मारताना ॲक्सल पिळवटतो आणि वरच्या लिंकच्या ब्रॅकेटवर प्रचंड जोर येतो. इंजिनच्या गर्दीत एवढी जागा काढणं हीच थ्री-लिंकची खरी परीक्षा.

५. हत्यारं

मिग किंवा आर्क वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि भरपूर कटिंग डिस्क, प्लाझ्मा असेल तर उत्तम. किमान चार मजबूत जॅकस्टँड आणि दोन जॅक, त्यातला एक ट्रॉली जॅक. टॉर्क रेंच, बॉल जॉइंट पुलर, डिजिटल अँगल गेज, ओळंबा, गुण्या, टेप, खडू. वेल्डिंगसाठी हेल्मेट, हातमोजे, आग विझवायचं सिलिंडर आणि सोबत एक माणूस. अँगल गेजवर काटकसर करू नका. या कामात अर्ध्या अंशालाही किंमत आहे.

६. कापण्याआधी मोजा, मग काढा

गाडी सपाट जमिनीवर उभी करा. चेसिसवरच्या ठराविक छिद्रांतून आणि चारही चाकांच्या मध्यातून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खुणा करा. आता व्हीलबेस, मध्यरेषा आणि कर्ण मोजून लिहून ठेवा. जुनं सस्पेन्शन निघून गेल्यावर ‘पुढचं चाक नेमकं कुठे होतं’ हे सांगणारं फक्त हेच कागद उरतात.

मग गाडी चेसिसवर स्टँड देऊन उचला आणि मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. आयएफएसमध्ये टॉर्शन बार असेल तर आधी त्याचा ॲडजस्टर बोल्ट पूर्ण सैल करून पीळ सोडवा. कॉइल असेल तर स्प्रिंग कॉम्प्रेसर लावूनच खालचा आर्म सोडा. ताणलेली स्प्रिंग अचानक सुटली तर हात-पाय जायबंदी होतात. या एका पायरीवर कोणी कितीही अनुभवी असला तरी घाई करू नये.

मूळ क्रॉसमेंबर कापताना त्यावर इंजिन माउंट आहेत का बघा. अनेक गाड्यांत असतात. क्रॉसमेंबर गेला की दोन्ही चेसिस रेल मोकळे होतात, म्हणून कापण्याआधी त्यांच्यामध्ये तात्पुरता आडवा पाइप टाका आणि नवा क्रॉसमेंबर लागेपर्यंत तो काढू नका.

७. ॲक्सल मांडा आणि टाके (छोटे तात्पुरते वेल्ड) मारा, त्यापुढे जाऊ नका

इंजिन, रेडिएटर, बंपर, विंच असं जे काही गाडीवर येणार आहे ते जागेवर असू द्या. गाडी शेवटी ज्या उंचीवर उभी राहणार त्याच उंचीवर चेसिस स्टँडवर ठेवा आणि ॲक्सल खाली मांडा. मागच्या ॲक्सलपासूनचं अंतर दोन्ही बाजूंना सारखं हवं. मोठा टायर बॉडीच्या मागच्या कडेला घासू नये म्हणून ॲक्सल थोडा पुढे सरकवतात. हे ठरवायची वेळ हीच.

आता कॅस्टर. किंगपिनचा किंवा बॉल जॉइंटचा वरचा बिंदू मागे झुकलेला हवा, साधारण ४ ते ७ अंश. कमी पडला तर वळणानंतर स्टीअरिंग आपणहून सरळ होत नाही आणि गाडी भरकटते.

पेच इथे आहे. कॅस्टर वाढवायला ॲक्सल फिरवला की पिनियनचं तोंड खाली जातं आणि प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. दोन्ही एकाच वेळी साधत नसेल, तर ट्यूबच्या टोकांचे नकल (ज्यांवर चाक बसतं आणि वळतं ते भाग) कापून पिनियनच्या हिशेबाने ॲक्सल मांडायचा आणि नकल कॅस्टरच्या हिशेबाने फिरवून पुन्हा वेल्ड करायचे. हे काम सहसा अनुभवी वर्कशॉपला द्यावं, कारण दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या यायला हव्यात.

पिनियनचा कोन शाफ्टवर ठरतो. ट्रान्स्फर केसच्या टोकाला डबल कार्डन जॉइंट (दोन क्रॉस एकत्र असलेला सांधा) असेल तर पिनियनचं तोंड थेट त्या आउटपुटकडे हवं. दोन्ही टोकांना साधा क्रॉस असेल तर दोन्ही कोन सारखे ठेवा, नाहीतर शाफ्ट थरथरतो.

सगळे ब्रॅकेट टाक्यांवर. प्रत्येकी तीन-चार टाके, बस्स.

८. स्टीअरिंग

रॅक-अँड-पिनियन इथे चालत नाही. रॅक चेसिसला घट्ट असतो आणि ॲक्सल वर-खाली होतो. त्यामुळे चेसिसवर स्टीअरिंग बॉक्स लागतो, त्याला पिटमन आर्म (बॉक्सने फिरणारा हात), तिथून विरुद्ध बाजूच्या नकलपर्यंत ड्रॅग लिंक, आणि दोन्ही नकल जोडणारा टाय रॉड. काही जुन्या आयएफएस गाड्यांत रॅक नसून बॉक्सच असतो, त्यांचं काम सोपं होतं.

बॉक्स बसवताना चेसिस रेलच्या आरपार जाड नळीच्या स्लीव्ह घालून त्या वेल्ड करा आणि बोल्ट त्यांतून न्या. रिकाम्या पोकळ रेलवर बोल्ट आवळलात तर भिंती चेपतात, पुढे बॉक्स हलू लागतो आणि त्याच जागी चेसिसला तडे जातात.

पॅनहार्ड रॉड वापरत असाल तर हा नियम मोडू नका: समोरून पाहताना पॅनहार्ड आणि ड्रॅग लिंक समांतर हव्यात आणि लांबी जितकी सारखी करता येईल तितकी सारखी. दोन्हींचे चेसिसकडचे बिंदू गाडीच्या एकाच बाजूला. हे जमलं नाही तर प्रत्येक खड्ड्यावर स्टीअरिंग आपणहून वळतं. बंप स्टीअर म्हणतात तो हाच. मागून पिटमन आर्म बदलून तो पूर्ण जात नाही, म्हणून पॅनहार्डचा ब्रॅकेट ड्रॅग लिंक जागेवर लावल्यानंतरच ठरवा.

बॉक्स आणि डिफ्रन्शियलचा गोळा एकाच बाजूला येत असतील तर ॲक्सल वर आल्यावर पिटमन आर्मचं टोक गोळ्याला भिडू शकतं. हे पुढच्या पायरीत कळतं.

९. स्प्रिंगशिवाय संपूर्ण हालचाल

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

कॉइल काढून ठेवा. पाटे असतील तर फक्त मुख्य पाटा ठेवून बाकीचे काढा. चाकं लावा. मग जॅकने ॲक्सल वर-खाली करत चार स्थिती तपासा: दोन्ही बाजू पूर्ण वर, दोन्ही पूर्ण खाली, डावी वर-उजवी खाली, आणि उलट. प्रत्येक स्थितीत स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं घालू नका, चेसिसखालचे स्टँड जागेवर असू द्या.

ऑइल संप आणि डिफ्रन्शियलच्या मधे मऊ चिकणमातीचा गोळा ठेवा. ॲक्सल पूर्ण वर नेऊन परत खाली आणला की चेपलेल्या मातीची जाडी तुम्हाला नेमकं किती अंतर उरलं ते दाखवते. बोटभर जागा स्टँडवर पुरेशी वाटते, पण चालत्या गाडीत इंजिन आपल्या माउंटवर हलतं आणि बुशही दबतात. किमान २५ मिलिमीटर तरी सोडा, जमलं तर जास्त. जागा कमी पडत असेल तर बंप स्टॉप (ॲक्सलला वर येताना अडवणारा ठोकळा) लांब करा किंवा गाडी उचला. संप ठोकून आत घेऊ नका, आतला ऑइल पिकअप तळाच्या अगदी जवळ असतो.

प्रॉपेलर शाफ्टच्या स्लिपवर (शाफ्ट लांब-आखूड होऊ देणारा सरकता जोड) खडूने रेघ मारा. ॲक्सल पूर्ण खाली लटकल्यावर स्प्लाइनची (त्या जोडातल्या खाचांची) पकड पुरेशी राहते ना, आणि पूर्ण वर गेल्यावर स्लिप तळाला टेकत नाही ना, हे रेघ सांगते. शाफ्टची लांबी याच मोजमापावरून ठरवून बनवायला द्या. ब्रेकचे लवचिक पाइपही याच वेळी मोजा, ॲक्सल पूर्ण खाली आणि चाक पूर्ण वळलेलं असताना.

काही भिडलं तर टाका तोडा, ब्रॅकेट हलवा, पुन्हा तपासा. टाका तोडणं दोन मिनिटांचं काम आहे.

१०. आता पक्कं वेल्डिंग

बॅटरीच्या तारा काढा, फ्युएल लाइन आणि टाकी झाका किंवा बाजूला घ्या. जस्ताचा मुलामा, रंग आणि गंज घासून चकचकीत धातू काढा. जस्त जळताना निघणारा धूर आजारी पाडतो.

ॲक्सल ट्यूबवर एका दमात लांब वेल्ड मारू नका. लहान लहान तुकड्यांत, बाजू बदलत, मधे थंड होऊ देत काम करा. नाहीतर ट्यूब केळीसारखी वाकते आणि कॅम्बर, टो हे चाकांचे कोन सगळे बिघडतात. मधला गोळा बहुतेकदा ओतीव लोखंडाचा असतो. त्यावर ब्रॅकेट जोडायचाच असेल तर आधी सगळीकडून तापवून, निकेलच्या रॉडने आणि नंतर सावकाश थंड करत जोडावा लागतो. अनुभव नसेल तर ब्रॅकेटची रचनाच अशी करा की तो फक्त ट्यूबवर बसेल.

चेसिसवर मजबुतीची पट्टी जोडताना तिची टोकं तिरकी किंवा शंकरपाळ्याच्या आकाराची कापा. रेलला काटकोनात आडवा वेल्ड घेतला की नेमक्या त्याच रेषेवर चेसिस तुटायला सुरुवात होते.

स्टीअरिंगचे दुवे वेल्ड करून लांब करू नका. योग्य लांबीचा जाड नळीचा रॉड बनवून घ्या, टोकांना आतून आटे पाडून. तुमचा वेल्ड पक्का आहे याची स्वतःलाच खात्री नसेल, तर टाके तुम्ही मारा आणि पक्कं काम जाणत्या वेल्डरकडून करून घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही, रस्त्यावर दुसरी माणसंही असतात.

११. जोडणी

यू-बोल्ट नवेच वापरा, एकदा ताणलेले पुन्हा नीट धरत नाहीत. नव्या ॲक्सलचे कॅलिपर मोठे असतील तर मास्टर सिलिंडर पुरतो का तपासा. तो लहान पडत असेल तर पेडल खोल जातं, आणि ब्रेकमधली हवा काढून झाल्यावरही तो प्रश्न उरतो. मूळ गाडीत एबीएस असेल तर त्याच्या सेन्सरची सोय आधी ठरवा. डिफ्रन्शियलचा ब्रीदर पाइप (हवा जाण्या-येण्याची नळी) इंजिन बेच्या उंचीपर्यंत न्या, पाण्यातून जाताना आत पाणी ओढलं जाणार नाही. ऑइल भरा, प्रत्येक बुश आणि जॉइंटला ग्रीस द्या. बुशचे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच शेवटचे आवळा.

टो-इन (पुढून चाकं किंचित आत वळलेली असणं) साधारण दीड ते तीन मिलिमीटर ठेवा आणि नंतर अलाइनमेंट मशीनवर तपासून घ्या.

१२. पहिली फेरी

मोकळ्या बंद जागेत, चालण्याच्या वेगाने. आधी ब्रेक, मग दोन्हीकडे पूर्ण वळण, मग थोडा वेग. परत येऊन प्रत्येक वेल्ड टॉर्च लावून बघा आणि प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने तपासा. यू-बोल्ट साधारण १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, नंतर ५०० नंतर.

वेगात खड्डा लागल्यावर स्टीअरिंग जोरजोरात थडथडू लागलं, ज्याला डेथ वॉबल म्हणतात, तर दचकून ब्रेक दाबू नका. हळूहळू वेग उतरवा. मग कारण शोधा, या क्रमाने: पॅनहार्डचे बोल्ट सैल किंवा त्यांची छिद्रं मोठी झालेली, टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट झिजलेले, कॅस्टर कमी, टायरचं बॅलन्सिंग. एक माणूस इंजिन चालू ठेवून स्टीअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवत राहील आणि दुसरा खाली बघेल, तर सैल जोड लगेच दिसतो. नवा स्टीअरिंग डॅम्पर बसवला तर लक्षण काही दिवस दबेल, पण सैल बोल्ट सैलच राहील.